कुळागरातल्या पंपासाठी ड्राय-रन कंट्रोलर: प्रकल्प नोंदी, २०२४-२५

इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, चार जणांचा गट. जागा: फोंडा तालुक्यात केरी-सावईवेरे पट्ट्यातलं एक कुळागर. माड, पोफळी, मिरी आणि मधल्या जागेत केळी. विहिरीवर १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे. पुढच्या बॅचमधल्या कुणाला हेच काम करायचं असेल तर आमचे चुकलेले दिवस वाचावेत म्हणून या नोंदी. मोटरची थिअरी पुस्तकात आहे, ती इथे नाही.

९ ऑगस्ट २०२४

विषय ठरला. विहिरीतलं पाणी फूट व्हॉल्व्हच्या (पाण्यातल्या पाइपच्या टोकाच्या झडपेच्या) खाली गेलं की पंप कोरडा फिरतो, मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी अडवणारा भाग) तापून जातं आणि मग पंप उघडण्याशिवाय इलाज नसतो. कंट्रोलरने तीन कामं करायची: कोरडा पंप बंद करणं, व्होल्टेज फार खाली-वर गेलं तर बंद करणं, आणि बंद का केला ते मालकांना मोबाईलवर कळवणं.

विहिरीत फ्लोट किंवा इलेक्ट्रोड सोडायचे नाहीत असंही आजच ठरलं. विहीर पंपघरापासून बरीच खाली आहे, पाण्यात गाळ आहे आणि वायर उंदीर कुरतडतात. जे मोजायचं ते मोटरच्या वायरवरच.

एक अडचण लगेच दिसते आहे. पावसाळ्यात शिंपण नसतं, पंप डिसेंबर ते मे एवढाच चालतो. म्हणजे पहिलं सत्र पूर्ण प्रयोगशाळेत काढावं लागणार.

२१ ऑगस्ट

सुरुवात सगळे करतात तशीच: एसीएस७१२ हा करंट सेन्सर, २० अँपिअरचा, थेट ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या एडीसी (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनेवर. करंट पडला की पंप कोरडा, एवढं सोपं गणित.

क्लॅम्प मीटर ५.६ अँपिअर दाखवतो, आमचा प्रोग्रॅम ४.९. अर्धा दिवस कोडमधला आरएमएसचा (एसीच्या परिणामी मूल्याचा) भाग तपासण्यात गेला. कोड बरोबर होता. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, शून्य करंटला २.५ व्होल्ट देतो आणि दर अँपिअरला १०० मिलिव्होल्ट. ५.६ आरएमएस म्हणजे शिखर ७.९ अँपिअर, म्हणजे आउटपुट ३.२९ व्होल्टपर्यंत जातं. ईएसपी३२चा एडीसी साधारण ३.१ व्होल्टच्या वर सपाट होतो, त्यामुळे लाटेचा वरचा माथा कापला जात होता. १० किलोओहम आणि २० किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) टाकल्यावर ५.५ दिसायला लागले.

वायफाय चालू असेल तर एडीसी-२ गटातल्या पिना वाचता येत नाहीत. सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी पिनेवरच लावा.

३ सप्टेंबर

चवथ (गणेश चतुर्थी) शनिवारी, ७ तारखेला. कॉलेज रिकामं व्हायला लागलंय. लॅबमधल्या ब्रेक-ड्रमवाल्या १ एचपी मोटरची चावी आणि डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) मागून ठेवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेलं सामान चवथीनंतरच येईल. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी सामानाची यादी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात पाठवावी. सुट्ट्यांमध्ये इथे कुरियर अडकलं की अडकलंच.

१९ सप्टेंबर

आजच्या रीडिंगने प्रकल्पाची दिशा बदलली. ब्रेक-ड्रमवर पट्टा सैल म्हणजे पंप कोरडा, पट्टा कसलेला म्हणजे पाणी उचलतोय, असं धरलं. डिमरस्टॅटने व्होल्टेज बदलत नेलं.

२३० व्होल्ट, पूर्ण लोड: ५.५ अँपिअर
२३० व्होल्ट, लोड नाही: ४.० अँपिअर
२४५ व्होल्ट, लोड नाही: ४.८ अँपिअर
२१५ व्होल्ट, पाऊण लोड: ४.७ अँपिअर
१९० व्होल्ट, पूर्ण लोड: ५.९ अँपिअर

तिसरी आणि चौथी ओळ शेजारी-शेजारी वाचा. रिकामी मोटर रात्रीच्या चढ्या व्होल्टेजवर जेवढा करंट घेते, तेवढाच लोडवरची मोटर संध्याकाळच्या पडक्या व्होल्टेजवर घेते. ४.५ वर सीमा ठेवली तर रात्री पंप कोरडा फिरत राहील. ५.० वर ठेवली तर पाणी नीट चढत असतानाही संध्याकाळी बंद पडेल.

कारण साधं आहे. सिंगल फेज मोटर रिकामी असतानाही चुंबकीकरणाचा करंट घेतच राहते आणि व्होल्टेज वाढलं की तो भराभर वाढतो. लोड काढल्यावर करंट जेमतेम पाव-सव्वापाव पडतो. व्होल्टेजचा झोका तेवढाच मोठा आहे.

व्होल्टेजनुसार सीमा सरकवायची, असा एक प्रस्ताव गटात आला. दोन दिवस त्याचं कोष्टक बनवण्यात घालवले. प्रत्येक मोटरला वेगळं कोष्टक लागेल हे लक्षात आल्यावर सोडून दिला.

१ ऑक्टोबर

त्याच पाच अवस्था वॉटमीटरवर:

२३० व्होल्ट, पूर्ण लोड: १११० वॉट
२३० व्होल्ट, लोड नाही: ३७० वॉट
२४५ व्होल्ट, लोड नाही: ४२० वॉट
२१५ व्होल्ट, पाऊण लोड: ८७० वॉट
१९० व्होल्ट, पूर्ण लोड: १०५० वॉट

करंटमध्ये एकमेकांत मिसळलेल्या ओळी इथे दुपटीने लांब गेल्या. लोड गेला की पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खरं काम करतो ते) ०.८८ वरून ०.४०वर येतो, करंट फसवतो, वॉट फसवत नाहीत. एसीएस७१२ बाजूला ठेवला. तीन घेतले होते, ४८० रुपये वाया.

वॉटमीटर वापरताना झालेल्या दोन चुका. रिकाम्या मोटरसाठी यूपीएफ (पॉवर फॅक्टर १ च्या जवळ असतानाचा) वॉटमीटर लावला होता, काटा पहिल्या काही घरांतच हलत होता आणि वाचन विश्वासाचं नव्हतं. लोड नसताना एलपीएफ (कमी पॉवर फॅक्टरचा) वॉटमीटर लागतो. तो लावल्यावर गुणक बदलायचा राहिला आणि रीडिंग पाचपट आलं. रेंज बदलली की गुणक वहीत आधी लिहायचा, काटा नंतर वाचायचा.

आणि एक धोक्याची. डीएसओच्या (डिजिटल ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. ती मेन्सच्या (२३० व्होल्टच्या) सर्किटला लावली तर क्लिप जळते, नशीब वाईट असेल तर डीएसओही. लॅब असिस्टंटने वेळीच हात धरला. मेन्स बघायचं असेल तर डिफरेन्शियल प्रोब, नाहीतर बघूच नये.

११ ऑक्टोबर

पीझेम-००४टी हा वीज मोजणारा मोड्यूल, आवृत्ती ३, १०० अँपिअरच्या सीटीसह (वायरभोवती बसणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरसह) आला. ८० ते २६० व्होल्ट, वॉट, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी सगळं मोडबसवर (उपकरणांमधल्या संवादाच्या एका पद्धतीने) देतो. गती ९६०० बॉड. ९५० रुपये.

तयार लायब्ररी न वापरता मोडबस स्वतः लिहायचं ठरवलं, कारण व्हायवाला विचारतात. करंट ३९९७६९६०० मिलिअँपिअर! करंट आणि वॉट ३२ बिटांचे असतात आणि या मोड्यूलमध्ये खालचे १६ बिट आधीच्या रजिस्टरमध्ये, वरचे १६ नंतरच्या. आम्ही उलटे जोडले होते, म्हणून ६१०० चे ६१०० गुणिले ६५५३६ झाले. व्होल्टेज १६ बिटांचं असल्यामुळे ते पहिल्यापासून बरोबर होतं, त्यामुळे शंका कोडकडे गेलीच नाही, सीटीकडे गेली. चार तास.

मग मधूनमधून सीआरसी (आलेला डेटा बरोबर आहे का याचा ताळा) चुकायला लागला. मोड्यूलची टीएक्स (डेटा पाठवणारी) लाइन ५ व्होल्टची आहे म्हणून १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर लावला होता, हिशोबाने ३.३ मिळायला हवे. मीटरवर २.५. मोड्यूलच्या आतल्या पुल-अपने हिशोब बिघडवला आणि ईएसपी३२ला तो हाय की लो हे कळेनासं झालं. १० आणि २० किलोओहम लावल्यावर ३.२ आले. त्यानंतर आठवडाभर एकही चूक नाही.

सीरियल-२ साठी १६ आणि १७ या पिना. हे ईएसपी३२च्या वरूम (WROOM) मोड्यूलवर चालतं. वरोव्हरवर (WROVER) या पिना आतल्या रॅमसाठी अडकलेल्या असतात.

वॉटमीटरशी ताळा: पूर्ण लोडवर फरक १ टक्क्याच्या आत. सीटीचा चिमटा पूर्ण मिटला नव्हता तेव्हा मात्र १२ टक्के कमी दिसत होतं. मिटल्याचा टक् आवाज ऐका.

५ नोव्हेंबर

दिवाळीनंतर रिलेचं काम. ९० रुपयांचा तयार ५ व्होल्ट रिले मोड्यूल, पीन १२वर. प्रोग्रॅम चढतो, पण रिलेची वायर जोडली की बोर्ड सुरूच होत नाही. वायर काढली की सुरू. बोर्ड खराब समजून दुसरा विकत घेतला, त्याचंही तेच. ४२० रुपये गेले.

पीन १२ ही सुरू होताना फ्लॅशचं व्होल्टेज ठरवणारी पीन आहे. त्या क्षणी ती हाय असेल तर बोर्ड फ्लॅशला १.८ व्होल्ट देतो आणि बसतो. लो-ट्रिगर रिले मोड्यूल आपली इनपुट लाइन वर ओढून धरतो. ०, २, १२, १५ या पिना अशा कामाला लावू नका.

पीन २६वर नेल्यावर रिले लागला की सुटेना. मोड्यूलला ५ व्होल्ट, पीन हायला ३.३; उरलेल्या १.७ व्होल्टमध्ये ऑप्टोची (प्रकाशाने सिग्नल पुढे देणाऱ्या भागाची) एलईडी मंद पेटलेली राहते. शिवाय पीन आउटपुट जाहीर केल्याक्षणी ती लो असते, म्हणून प्रत्येक रीसेटला रिले एकदा टक् करायचा. पंपाला असे टक् परवडत नाहीत.

मोड्यूल काढून टाकला. १२ व्होल्टचा सुटा रिले, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, बेस ते ग्राउंड १० किलोओहम, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. खर्च साठ रुपये. हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

१० अँपिअरचा छापील आकडा बघून रिले थेट मोटरवर लावायचा मोह होतो. सुरू होताना मोटर पाच ते सातपट करंट घेते, काही दिवसांत कॉन्टॅक्ट चिकटतात आणि चिकटलेला रिले म्हणजे कंट्रोलरच नाही. म्हणून मध्ये ९ अँपिअर एसी-३ (मोटरसाठीच्या) वर्गाचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच), २३० व्होल्ट कॉइल, ८२० रुपये. दोन पोलवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले.

कॉन्टॅक्टर सुटला की ईएसपी३२ रीसेट. दहातून सात वेळा. कॉइल तोडताना उडणारा स्पाइक. आधी ईएसपी३२ च्या सप्लायवर कपॅसिटर चढवत गेलो: १००, ४७०, १००० मायक्रोफॅरड. काही उपयोग नाही. दुखणं कॉइलचं, औषध प्रोसेसरला. कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ (मेन्सवर लावण्यासाठीच्या) कपॅसिटरची जोडी लावली, सोबत २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग). शंभर वेळा चालू-बंद केलं, रीसेट शून्य. कपॅसिटर एक्स-२च हवा. साधा ४०० व्होल्टचा पॉलिस्टर इथे चालणार नाही.

१२ डिसेंबर

मोबाईलचा भाग. कुळागर दोन डोंगरांच्या मधल्या खोलात आहे, वायफायचा प्रश्नच नाही. सिम८००एल हा जीएसएम (मोबाईल नेटवर्कचा) मोड्यूल, ३८० रुपये.

पहिला दिवस सिममध्ये गेला. हा मोड्यूल २जी आहे आणि जिओचं २जी नेटवर्क नाही. एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकत राहिली म्हणजे नेटवर्क सापडलेलं नाही; तीन सेकंदांनी एकदा लुकलुकली की सापडलं. दुसऱ्या कंपनीचं सिम घातल्यावर मिनिटभरात मिळालं.

मग सप्लाय. मोड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. आमच्याकडे एचएलके-पीएम०१ हा छोटा सप्लाय होता, ५ व्होल्ट, ३ वॉट. मेसेज पाठवायला गेला की सगळं बंद. मोठा ५ व्होल्टचा सप्लाय आणून पुढे एलएम२५९६ हा बक (व्होल्टेज उतरवणारा) मोड्यूल लावून ४ व्होल्ट केले, तरी तेच. एलएम२५९६ला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण दीड व्होल्ट वर लागतं. ५ मधून ४ काढताना भार आला की आउटपुट ३.३ पर्यंत बसत होतं. मल्टिमीटरवर हे दिसत नाही, कारण तो खड्डा मिलिसेकंदांचा असतो. डीएसओवर दिसलं.

शेवटची रचना: १२ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सवरून डीसी देणारा सप्लाय), त्यातून एक बक ४.० व्होल्टला, दुसरा ५.० ला, रिले थेट १२ वर. सिम८००एलच्या पायांशी १००० मायक्रोफॅरड, लांब नाही, अगदी पायांशी. बक मोड्यूलचा पॉट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) मोड्यूल जोडण्याआधी फिरवून घ्या. एकाने जोडून मग फिरवला. दुसरा सिम८००एल, आणखी ३८०.

मेसेज मराठीत हवा अशी मालकांची अट. देवनागरीसाठी मोड्यूलला द्यायच्या आज्ञा: एटी+सीएससीएस ला यूसीएस२ आणि एटी+सीएसएमपी ला १७,१६७,०,८. एका मेसेजमध्ये फक्त ७० अक्षरं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. «पंप बंद. विहिरीत पाणी नाही. अर्ध्या तासाने परत सुरू होईल.» एवढं आरामात बसतं.

पंप चालू-बंद करायला मिस्ड कॉल. ठरावीक दोन नंबरांचाच कॉल घ्यायचा, बाकीचे तोडायचे. मालकांना ही सोय वॉटमोजणीपेक्षा जास्त आवडली आहे.

८ जानेवारी २०२५

पीसीबी. झिरो बोर्डवर (छिद्रं पाडलेल्या तयार बोर्डवर) मेन्स नेऊ नका, छिद्रांमधलं अंतर अडीच मिलिमीटर असतं आणि इथल्या दमट हवेत तेवढं पुरत नाही. आमच्या बोर्डवर मोटरचा करंट येतच नाही, तो कॉन्टॅक्टरमधून जातो. फक्त रिलेच्या कॉन्टॅक्टपुरतं मेन्स आहे. तिथे मेन्स आणि कमी व्होल्टेजमध्ये ८ मिलिमीटर अंतर आणि मधोमध हॅकसॉने कापलेली फट. टोनर ट्रान्सफर, फेरिक क्लोराइड, दोन प्रयत्नांत जमलं. सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रोपिलने फ्लक्स पुसून मागून कॉन्फॉर्मल कोटिंग.

२७ जानेवारी

कुळागरात बसवणी. आयपी६५ (धूळ-पाणी न शिरणारा) बॉक्स, सगळे ग्लँड (वायर आत घेण्याची तोंडं) खालच्या बाजूने. वायरच्या टोकांना फेरूल (धातूच्या टोप्या). एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) १० अँपिअर, सी कर्व्ह. बी कर्व्ह मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला अधूनमधून पडतो. त्याआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा), १४५० रुपये. प्रकल्पातली सगळ्यात महाग वस्तू. पाणी, जमीन आणि अनवाणी माणसं एकत्र आहेत, तिथे हे टाळायचं नाही.

मोटर पावसाळाभर बंद होती. मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) वाइंडिंग ते बॉडी ०.६ मेगाओहम, किमान १ तरी हवं. टर्मिनल बॉक्स उघडला, पंप पोत्याने झाकून आत १०० वॉटचा बल्ब चोवीस तास पेटता ठेवला. दुसऱ्या दिवशी ११ मेगाओहम. हे न करता मोटर लावली असती तर पुढचा दोष आमच्या कंट्रोलरवर आला असता.

अर्थिंग: जांभ्या दगडाची जमीन कोरडी असली की फार वाईट. जुन्या खड्ड्याचं मोजमाप ३१ ओहम. मीठ-कोळसा आणि चार घागरी पाणी घालून ९ वर आलं. मे महिन्यात परत वाढणार, म्हणून केळीला जाणाऱ्या पाण्याची एक बारीक नळी त्या खड्ड्यावर सोडली.

आजच्या दोन चुका.

पहिली: पीझेमची व्होल्टेजची टर्मिनलं कॉन्टॅक्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडली. पीझेमचा मोजणारा भाग त्याच मेन्सवर चालतो. कॉन्टॅक्टर सुटलेला असताना तो उत्तरच देत नाही, उत्तर नाही म्हणून प्रोग्रॅम पंप लावत नाही, आणि पंप लागल्याशिवाय उत्तर येत नाही. लॅबमध्ये ही वायर योगायोगाने बरोबर बाजूला होती. टर्मिनलं कॉन्टॅक्टरच्या आधी घेतली.

दुसरी: मेसेज जायच्या वेळी आरसीसीबी पडतो. फक्त मेसेजच्या वेळी! अँटेनापासून लीकेजपर्यंत सगळे तर्क झाले. एसएमपीएसचा फेज आरसीसीबीच्या नंतरचा आणि न्यूट्रल जवळ होता म्हणून आधीच्या पट्टीवरून घेतला होता. म्हणजे एसएमपीएसचा सगळा करंट आरसीसीबीला गळतीच वाटणार. नुसता ईएसपी३२ चालू असताना तो करंट पडण्याच्या सीमेखाली, रिले आणि जीएसएम लागले की वर. न्यूट्रल बदलायला दोन मिनिटं लागली, शोधायला साडेतीन तास. परतीची शेवटची कदंबा बस चुकली.

११ फेब्रुवारी

प्रत्यक्ष पंपाचे आकडे, व्होल्टेज २२२ ते २२५:

सगळे झोन (शिंपणाचे भाग) उघडे: ५.७ अँपिअर, ११४० वॉट
एकच झोन उघडा: ४.९ अँपिअर, ९०० वॉट
डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद: ४.४ अँपिअर, ६४५ वॉट
कोरडा (फूट व्हॉल्व्ह वर उचलून, वीस सेकंद): ४.० अँपिअर, ३९० वॉट

कोरड्या चाचणीचे वीस सेकंद म्हणजे वीसच. एकाने हातात घड्याळ, दुसऱ्याने मेन स्विच.

सीमा ६०० वॉट. सलग ८ सेकंद खाली राहिलं तर बंद. सुरू केल्यावर पहिली ६० सेकंदं बघायचंच नाही, कारण फूट व्हॉल्व्ह थोडा गळतो आणि पाणी वर यायला ३५ ते ४० सेकंद जातात. पहिल्यांदा १५ सेकंद ठेवले होते आणि पंप रोज सकाळी स्वतःच बंद व्हायचा.

व्होल्टेज: १८० च्या खाली ५ सेकंद किंवा २६० च्या वर १ सेकंद गेलं तर बंद, परत लावायला १९५ ते २५० मध्ये स्थिर हवं. १८० ला बंद आणि १८१ ला चालू असं ठेवलं तर पंप सुटला की व्होल्टेज चढतं, लागला की पडतं, आणि कॉन्टॅक्टर टाळ वाजवत बसतो. वीज गेली-आली तर ६० ते १२० सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबून मगच सुरू. वाड्यावरचे सगळे पंप एकाच क्षणी उठू नयेत.

रोटर अडकणं किंवा रन कपॅसिटर जाणं: १५ अँपिअरच्या वर ३ सेकंद. पीझेम सेकंदाला साधारण एकदाच नवा आकडा देतो, यापेक्षा चपळ काही त्याच्याकडून मागू नका. त्या कामाला एमसीबी आहे.

२० मार्च

शिगम्याच्या आठवड्यात पंप दोन दिवस व्हॉल्व्ह बंद ठेवून चालला. कामगाराने झोन बदलताना जुना बंद केला, नवा उघडायचा राहिला. ६४५ वॉट, म्हणजे आमच्या ६०० च्या वर, म्हणून कंट्रोलर गप्प. पंपातलं तेच पाणी घुसळून तापलं होतं, केसिंगला हात लावता येत नव्हता.

दुसरी, सावकाश सीमा जोडली: ७५० च्या खाली सलग ५ मिनिटं, तर बंद आणि मेसेज «व्हॉल्व्ह बंद आहे का बघा». एक झोन ९०० वॉट घेतो, त्यामुळे खोट्या बंदची भीती नाही. ज्यांच्याकडे ठिबकची लहान लाइन असेल त्यांनी हा आकडा आधी मोजून घ्यावा. आमचा ७५० तुमच्या पंपाला लागू नाही.

१७ एप्रिल

खरी परीक्षा आज झाली आणि पहिल्या फेरीत आम्ही नापास. विहीर तळाला. पाणी फूट व्हॉल्व्हच्या जेमतेम वीतभर वर, भोवरा पडून हवा ओढली जाते. पंप धड कोरडाही नाही, धड ओलाही नाही. सेकंदागणिक वॉट: ४८०, ९१०, ५२०, ८७०, ४६०, ९४०, ७९०, ५००.

सलग ८ सेकंद खाली राहण्याची अट कधीच पुरी होत नव्हती. पंप १४ मिनिटं असा खोकत चालला, शेवटी हाताने बंद केला. सीलकडून थेंब-थेंब गळती सुरू झाली आहे. नवं सील ३५० रुपये, बसवणाऱ्याचे वेगळे.

लगेच सुचलेला उपाय म्हणजे सरासरी. लॅपटॉपवर नोंदवलेले आकडे घालून पाहिले: सरासरी ६८० च्या आसपास येते, ६०० च्या खाली जातच नाही. सीमा ७०० केली तर व्हॉल्व्ह बंद असल्याच्या अवस्थेशी गोंधळ. मग मोजणी: शेवटच्या २० वाचनांपैकी ९ किंवा जास्त ६०० च्या खाली असतील तर बंद, सलग असोत वा नसोत. पूर्वी नोंदवलेल्या चांगल्या चालीचे जवळजवळ सहा तासांचे आकडे याच नियमातून काढले. एकदाही खोटा बंद नाही. त्या सहा तासांत वीसपैकी ६०० च्या खाली सर्वाधिक वाचनं होती २.

२२ एप्रिल

नवा नियम चढवला. हवा ओढायला लागल्यावर १८ सेकंदांत बंद.

पण अर्ध्या तासाने परत सुरू होतो, सहा मिनिटं चालतो, परत बंद. दिवसात अकरा वेळा. एवढ्या स्टार्टने मोटर तापते आणि मालकांचा मोबाईलही. विहिरीला पाणी भरायला किती वेळ लागतो हे दोरी सोडून मोजलं, तासाला साधारण २० सेंटिमीटर. थांबण्याचा वेळ ९० मिनिटं केला आणि दिवसाला तीनच प्रयत्न. चौथ्याला मिस्ड कॉलनेच.

८ मे

प्रकल्प सादर झाला. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ १९ सप्टेंबरच्या पाच ओळींवर घेतला. फसलेली रीडिंग वहीत ठेवा, फाडू नका.

बसवलेल्या सामानाचा खर्च ६६०० रुपये. त्यात आरसीसीबी १४५०, पीझेम ९५०, कॉन्टॅक्टर ८२०, बॉक्स ६९०. ग्लँड-वायर-फेरूल मिळून ५४०, ज्यांचा अंदाज कुणीच धरत नाही. वाया गेलेलं सामान जवळजवळ दोन हजारांचं. तयार ड्राय-रन पॅनल बाजारात मिळतं. ज्याला फक्त पंप वाचवायचा आहे त्याने ते घ्यावं. घेताना ते करंट बघतं की वॉट, एवढं विचारून घ्यावं.

२६ मे

पाऊस लागला, शिंपण बंद. बॉक्स उघडला तर आत मुंग्यांनी टर्मिनलच्या पट्टीवर अंडी घातलेली. एक ग्लँड वायरपेक्षा मोठा होता, तिथून वाट. ग्लँड बदलला, रिकामी छिद्रं बुचाने बंद केली, सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या.

मोटरचा मेन स्विच खाली, कपॅसिटर डिस्चार्ज, टर्मिनल बॉक्सला नवी रबरी पट्टी. जीएसएमची अँटेना काढून आत घेतली, विजांच्या दिवसांत ती माडाच्या उंचीवर नको. कंट्रोलरचा एसएमपीएस मात्र पावसाळाभर चालूच राहील. तेवढ्या उबेने बॉक्समध्ये दव धरत नाही.

डिसेंबरात सुरू करण्याआधी: मेगर, फूट व्हॉल्व्हची जाळी, आणि सगळे झोन उघडून वॉटचं नवं रीडिंग. ११४० पेक्षा ५० वॉटहून जास्त फरक आला तर ६०० आणि ७५० हे दोन्ही आकडे नव्याने ठरवावे लागतील. बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हे लिहून चिकटवलं आहे.